साहेबांच्या नावाची पेटी

भाऊ,

अकोल्याच्या गोदामात तुझी शोकसभा झाली तेव्हा मला ओकारी आली. खरोखरची. तोंडाला पदर लावून मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि बाभळीखाली ओकले. आत बसलेल्यांना वाटलं, बहिणीला रडू आवरेना. परत येऊन बसले तर दोघातिघांनी कीव करून माझ्याकडे पाहिलं. मला त्या किवेचीही किळस आली.

तुझा फोटो त्यांच्याकडे नव्हता. तुझा फोटो कुणी कधी काढलाच नाही. मग टेबलावर काय ठेवायचं? त्यांनी पेटी ठेवली. तुझी पेटी, फटी सोडून पट्ट्या मारलेली, संत्र्यांची. तिला झेंडूचा हार घातला होता, आणि हाराच्या खालून काळ्या रंगातलं कंपनीच्या एजंटसाहेबांचं नाव दिसत होतं. आयुष्यभर राबलास तू, आणि मेल्यावर हारही त्यांच्याच नावाला पडला.

साहेब बोलायला उठले. मुंबईकडचे, गोड बोलणारे. म्हणाले, "नामदेवराव म्हणजे कंपनीचे विश्वासू सेवक. आमच्या पेटीच्या यशात त्यांचाही खारीचा वाटा होता."

खारीचा वाटा! अख्खा सेतू बांधणाऱ्याला हे खार म्हणतात, आणि समोर बसलेले माना डोलावतात. साहेबांचं भाषण संपलं तर एकाने सवयीने टाळीसुद्धा वाजवली, मग शेजाऱ्याने कोपर मारल्यावर हात खाली घेतले. त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग कोणाचा आला असेल? तुझा. तू तिथे असतास तर तूही टाळी वाजवली असतीस.

तुझ्याशी भांडायचं बरंच राहून गेलं आहे. तू गेलास म्हणून ते मी सोडून देणार नाही.

मला तो उन्हाळा आठवतो. तू कंपनीच्या अमरावतीच्या गोदामात लागून थोडीच वर्षं झाली होती. मोर्शीकडच्या बागांतला माल कंपनी उचलायची, बैलबंड्यांतून बडनेरा स्टेशनला न्यायची आणि तिथून आगगाडीने कलकत्त्याला पाठवायची. निम्मा माल पोचेपर्यंत सडायचा. सडका निघाला की कंपनी बागवानाचा भाव कापायची, आणि बागवान नशिबाला शिव्या द्यायचा. आपले बाबाही त्यातलेच. तू सुट्टीला मोर्शीला आलास की ओसरीवर करंड्या मांडायचास. त्यात फळं भरून, वरून गवत घालून, तोंडं शिवून टाकायचास आणि पुढच्या सुट्टीला उघडायचास.

काय तो वास! हिरवी बुरशी, खाली गळणारं पाणी, त्यावर घोंगावणाऱ्या माशा. वहिनी तेव्हा आपल्याच घरी राहायची. एकदा ती भाकरीचं पीठ तसंच टाकून ओसरीवर आली आणि ओरडली, "हे घर हाय का उकिरडा? दुसऱ्याचे नवरे सुट्टीत लुगडं आनतात, अन् आमचे हे बुरशी पायतात!"

तू मान वर केली नाहीस. नाक फळाला लावून बसला होतास. काही फळं कात्रीने देठासकट कापलेली होती, काही हाताने ओढलेली; ओढलेल्यांना तू दोरा बांधून ठेवला होतास. दोऱ्याची फळं आधी गेली होती. ओढताना देठ उपटतं आणि तिथे जखम राहते, सड तिथूनच शिरते, हे तू मला दाखवलंस. मग मी तुला म्हटलं होतं, "अन् भाऊ, हे पाह्य. जमिनीवर पडेल फळ सगळ्याईच्या आधी सडते, अन् जाता जाता शेजारच्यालेबी घेऊन जाते." तू माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारलीस की मी त्या बुरशीतच पडायची राहिले.

"यमे, तू शहानी हायेस!" तू म्हणालास.

मी सातवी पास होते. मास्तरांनी मला शाबासकी दिली होती. पण तुझी ती थाप मला त्याहून मोठी वाटली होती, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग पेटी आली. अचलपूरच्या सुताराकडून तू करवून घेतलीस. हवा खेळावी म्हणून पट्ट्यांमध्ये फट, प्रत्येक थरामध्ये वाळलं गवत, आणि पडलेलं एकही फळ आत नाही. कंपनीतले दोन एजंट आले आणि गेले. दोघांनीही तुला हसून घालवलं. तिसरे हे गोड बोलणारे. ते म्हणाले, एक वॅगन भरून पाहू, पण फसलं तर तुमच्या माथी. तू कबूल झालास. त्या वॅगनचा माल कलकत्त्याला पोचला तो झाडावरून आताच उतरवल्यासारखा. कंपनीत पेढे वाटले गेले. पुढच्या बहाराला नवीन पेट्या आल्या त्यांच्यावर साहेबांचं नाव रंगवलेलं होतं, आणि सगळ्या वऱ्हाडात त्यांना 'साहेबांची पेटी' म्हणू लागले.

तुला काय मिळालं? हेड ओव्हरसियर हा हुद्दा आणि एक खुर्ची.

तू मोर्शीला येऊन तोंडभर हसत सांगितलंस, "मले खुर्ची देल्ली! आता गोदामात मी बसून काम पायतो." मला त्या खुर्चीचे पाय मोडावेसे वाटले. फसल्यावर दोष ज्याच्या माथी येणार होता, त्याच्या माथी जमल्यावर यश का नाही? एवढं साधं गणित तुला घालता येत नव्हतं, की घालायचं नव्हतं?

त्याच रात्री जेवताना आपलं मोठं भांडण झालं. एव्हाना माझं लग्न मोर्शीतच झालं होतं; आमचे हेही जेवायला होते. मी म्हटलं, "सोडून दे ते. आमची बाग हाय, बाबाची हाय, शेजारचे पाच जन माल द्याले तयार हायेत. सुतार तुया वळखीचा. कलकत्त्याचे व्यापारी तुले नावानं वळखतात. आपुन आपली पेटी काढू."

तू म्हणालास, "अन् वॅगन? रेल्वेवाले तुले वॅगन देतीन?"

"मागू."

"तू मागशीन, अन् ते हसतीन. यमे, कंपनीजवळ वॅगन हाय. कंपनी बोल्ली त पाचशे बागवान कात्री घेतात. मी बोललो त माहा बापबी घेत नोयता. तू धंदा काढशीन त तुया पाच बागाईचं भलं होईन. मी तिथं राहून एक गोष्ट बदलली, त साऱ्या वऱ्हाडाचा माल सडाचा राहते."

"पन त्यायनं तुले खाल्लं, भाऊ!"

"खाऊ दे. माल त सडत नाही ना?"

आमच्या ह्यांनी मधे पडून विचारलं, "नामदेवराव, पन उद्या साहेबाले वाटलं का पेटी नोको, मंग?"

तू हात धुवायला उठलास. 

भाऊ, तेव्हा मला तुझ्या बोलण्याची चीड आली होती. आज खरं सांगते, त्यात अर्धं तरी खरं होतं. आजही मोर्शीपासून वरपर्यंत बागांतून गेलं की बायका कमरेला कात्री खोचून झाडावर चढलेल्या दिसतात. ही रीत कोणी सुरू केली म्हणून विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. बाबा शेवटच्या बहारात म्हणाले होते, यंदा भाव कापला गेला नाही. ते तू केलंस. कंपनीच्या आत राहून केलंस. हे मी एकटीने करू शकले नसते. आणि हे कबूल करताना माझ्या तोंडात अजून कडू येतं, कारण ज्यांच्या हातून ते झालं त्यांचे हात मी पाहिले आहेत.

आम्ही धंदा काढला. तुझ्याशिवाय काढला. पहिला माल बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर लागला तेव्हा मी बंडीतून सोबत गेले होते. आमच्या नावाने वॅगन ठरली होती. ऐन वेळी रेल्वेचा मालबाबू म्हणाला, वॅगन कंपनीकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पेट्या उन्हात. झाकायला मी माझी लुगडी टाकली, घडे आणून पाणी शिंपडलं. आणि कंपनीची वॅगन भरत होती, आणि तिच्या दाराशी माणसांना हुकूम देत तू उभा होतास.

मी तुझ्याजवळ आले. म्हटलं, "भाऊ, आमची वॅगन हाय हे."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणालास, "कागद कंपनीच्या नावावर हाय, यमे."

"कागद कसा झाला त्याईच्या नावावर?"

"मले ठाव नाही."

तुला ठाऊक होतं. मालबाबूला कंपनीच्या मालातली निवडक फळं जातात हे बडनेऱ्याच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. आमचा माल धक्क्यावरच सडला. त्या पेट्यांत हात घातला तर बोटं आरपार जायची. तुझीच रीत, तुझीच पेटी, एकही पडलेलं फळ आत नाही, आणि तरीही सडलं, कारण तुझ्या कंपनीला आम्ही नको होतो. मी त्या चिखलात उभी राहून तुझ्या दिशेने थुंकले. तुझ्या अंगावर नाही, पण दिशेने. माणसांनी पाहिलं. तू वॅगनचं दार लावून घेतलंस.

त्या वर्षी भाऊबीजेला मी पाट मांडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. वहिनीचा निरोप यायचा, मी उत्तर पाठवायचे नाही.

आमचा धंदा मात्र मोडला नाही. कसा टिकला, तेही ऐक, म्हणजे मी तुझ्यापेक्षा फार स्वच्छ आहे असं तुला वाटायला नको. मालबाबूकडे आता आमच्या बागेतलीही निवडक फळं जातात. प्रत्येक बहाराला. आमचे हे पोचवतात आणि घरी आले की हात राखेने घासतात. कलकत्त्याचा दलाल रुमालाखाली बोटं दाबून, भाव इतरांना कळू न देता सौदा करतो, आणि तिथेही ह्यांना हसून पान खावं लागतं. स्वतःचा धंदा म्हणजे स्वच्छ हवा, असं मला वाटायचं. इथेही तोच वास आहे. फरक एवढाच की इथे नाक आपलं आणि घाणही आपली.

मग तो दिवस आला ज्याची हकिगत सगळ्या मोर्शीने ऐकली. आमचे हे त्या दिवशी धक्क्यावर होते, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. 'साहेबांच्या पेटी'चं नाव इतकं झालं होतं की व्यापारी न उघडता घ्यायचे. तेव्हा साहेबांना युक्ती सुचली. खाली दोन थर जमिनीवर पडलेल्या फळांचे, वर चांगला माल. तू वॅगनजवळ आलास, एक पेटी उचललीस, वजन हाताला वेगळं लागलं म्हणा की वास आला म्हणा, तू ती धक्क्यावर उलटी केलीस. मग दुसरी. मग तिसरी. साहेब धावत आले.

"नामदेवराव, काय करताय तुम्ही हे?"

"माल सडका हाय, साहेब."

"तो वर दिसत नाही ना? मग?"

"पन पोचीपर्यंत सारी पेटी जाईन."

"ते कलकत्तेवाले पाहतील. पेटी कोणाच्या नावाची आहे? नावाची काळजी मी करीन. तुम्ही माल भरा."

आमचे हे सांगतात, तू तेव्हा वॅगनच्या दारात आडवा बसलास. उठवायला दोन माणसं लागली. हे ऐकताना मी पोळ्या लाटत होते. लाटणं ठेवून दिलं आणि तोंड फिरवून बसले. रडले नाही. पण त्या वर्षी मी पाट मांडला.

तू आला नाहीस, कारण तोवर तुझी बदली अकोल्याला झाली होती. नोकरीवरून काढलं असतं तर लोकांत बोभाटा झाला असता. त्यांनी तुला ठेवून घेतलं, आणि परत आलेला सडका माल निवडायच्या गोदामात बसवलं. खुर्ची अमरावतीला राहिली.

मीच अकोल्याला आले. गोदामाच्या दारातच मी नाकाला पदर लावला. तू घोट्यापर्यंत सडक्या फळांत उभा होतास. धोतर खोचलेलं, हात कोपरापर्यंत हिरवे. मला पाहून हसलास. जसं मधे काही झालंच नाही.

"ये, यमे. पाय सांभाळ, निसरडं हाय."

"भाऊ, चाल घरी. आत्ता. असाच."

"बसायले काही नाही इथं. थांब, पोतं टाकतो."

"मी बसाले नाही आली! काहून राहून राहिला तू इथं? त्यायनं तुले उकिरड्यावर बसवलं, अन् तू बसला!"

तू एक फळ उचललंस, उलटं करून मला दाखवलंस. म्हणालास, "हे पाह्य. हे वॅगनच्या मधातलं हाय. कडेच्या पेट्या बऱ्या येतात, मधातल्या सडतात. पेटीले फट ठेवली मी, पन पेट्या एकमेकीले चिपकून रचतात, त मधात हवाच जात नाही. पेटी-पेटीत बोट बोट जागा पायजे. मी साहेबाले सांगितलं, साहेब आयकत नाही. तू करून पाह्य. तुयी वॅगन तुया हातात हाय."

मला त्या वासात उभं राहून काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. किळस होती. त्या साहेबाची, त्या गोदामाची, तुझ्या त्या हसण्याची. ज्याला घाणीत फेकलं तो घाणीतही कामच शोधतो, याचीसुद्धा किळस. मी म्हटलं, "तू स्वतः येऊन कर."

"येतो. हा बहार आटपू दे."

मी पोत्यावर बसले नाही. चहासुद्धा न घेता निघाले.

पण तुझं सांगणं केलं, भाऊ. पुढच्या मालाला पेटी-पेटीत लाकडाच्या चिपा ठोकून जागा ठेवली. कलकत्त्याहून तार आली, वॅगनच्या मधला मालही कडेसारखाच. मी ठरवलं होतं, तू आलास की तार तुझ्या हातात द्यायची आणि काही न बोलता तुझ्या पाठीत थाप मारायची. पण त्याआधी दुसरी तार आली, अकोल्याची. विषमज्वर. मी पोचले तोवर तुला बाहेर काढलं होतं. वहिनी म्हणाली, तापात तू सारखा पेट्या मोजत होतास. तुझ्या हातांचा वास मात्र आंघोळ घातल्यावरही गेला नव्हता.

तेरावं झाल्यावर वहिनीला मी मोर्शीला आणलं. तुमच्या दोन्ही पोरी सासरी, अकोल्यात तिचं होतं काय? पंधरवड्याने एजंटसाहेब मोटारीने आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, तुझी आठवण काढून डोळे टिपले. मग म्हणाले, "ताई, तुमचा माल हल्ली फार छान पोचतो म्हणे. नामदेवरावांच्या घरचंच काम. ते आमच्या नावाखाली जाऊ द्या. त्यांच्या आत्म्याला समाधान वाटेल. वहिनींनाही कंपनी विसरणार नाही."

मी बोलायला तोंड उघडलं, तर आतून वहिनी आली. नवरा गेल्यापासून ती परक्या माणसासमोर आली नव्हती. पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, त्याईचा आत्मा तुमच्या गोदामात हाय. पाय टाकून पाहा एकडाव. घोट्यापर्यंत जाते."

साहेबांनी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि गेले.

त्यानंतर वहिनी आमच्याबरोबर बागेत यायला लागली. निवडायला तिच्यासारखं कोणी नाही. थोडा डाग दिसला की फळ बाजूला. बायका कुरकुरतात, ती ऐकत नाही. जी बाई ओसरीवरच्या करंड्यांना नावं ठेवायची, तिने सगळं पाहून ठेवलं होतं, भाऊ. फक्त तुला कळू दिलं नाही.

परवा अचलपूरहून नवीन पेट्या आल्या. मी रंग कालवला, कुंचला आणला. मनात ठरवलं होतं की प्रत्येक पेटीवर तुझं नाव लिहायचं. ठसठशीत. सगळ्या कलकत्त्याने वाचावं. पहिल्या पेटीवर 'ना' काढणार तोच वहिनीने माझं मनगट धरलं.

"नोका टाकू, यमूबाई."

"काहून? साहेबाचं नाव चालते, अन् भावाचं नाही?"

"काल जेवतानी भाऊजी काय म्हनत होते, मी आयकलं."

 माल कमी पडतो आहे, मागणी मोठी आहे, खाली एखादा थर पडलेल्या फळांचा टाकला तर कोणाला कळतंय, असं हे म्हणाले होते. मी झापलं होतं. ते हसून म्हणाले होते, गंमत केली.

"मी झापलं ना त्याईले, वयनी. अन् आपल्या पेटीत तसं होनार नाही."

"यंदा नाही होनार. तुमी हायेत, मी हाये. पन आपुन किती दिवस? एक दिवस ते फळ आपल्याबी पेटीत जाईन, यमूबाई. त्या दिवशी त्याईचं नाव वरतं नसलं पायजे."

मी कुंचला पाण्यात बुडवला. पाणी काळं झालं.  

पेट्या आज सकाळी बडनेऱ्याला गेल्या, भाऊ. कोऱ्याच.